काय खाल्लं होतं?

आमच्या चेरीतालच्या गल्लीत कोणाला उलटी झाली, की डॉक्टरच्या आधी घाटे काका पोचतात. फॅक्टरीत ते मालाची तपासणी करायचे. रिटायर झाल्यापासून आमच्या पोटांची करतात. दारातूनच विचारतात, "काय खाल्लं होतं?"

उलटी झाली म्हणजे गुन्हेगार ताटातच असणार, हे त्यांचं ठाम मत. मिश्राजींच्या घरचे समोसे, माझ्या बायकोची कढी, एकदा तर बिचारी पपई, सगळ्यांना त्यांनी दोषी ठरवलंय. "पपईच! मला तर पहिल्यापासून शक होता."

गेल्या थंडीत मला फ्लू झाला. ताप, अंगदुखी, आणि वर उलट्या. काका हजर.

"काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. कालपासून नुसतं पाणी."

"कुठलं पाणी?"

"घरचंच."

काकांनी स्वयंपाकघरात जाऊन हंड्याचा वास घेतला आणि पार गोंधळून परत आले. "पोटात काही नाहीच, तर हे शरीर बाहेर काय काढून राहिलं? अन् काहून?"

मला तरी काय ठाऊक? उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा ओकलो. काकांनी माझं कपाळ घट्ट धरून ठेवलं.

तेवढ्यात माझी भाची कल्याणी आली. ती आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात एका दवाखान्यात डॉक्टर आहे. काकांनी तिलाच पकडलं.

"काका, फ्लूचा विषाणू नाका-घशात, छातीत असतो," ती म्हणाली. "शरीर त्याच्याशी लढतं, तेव्हा रक्तात काही रसायनं सुटतात. ती मेंदूत उलटीची जागा आहे ना, तिथं पोचतात. मेंदूला वाटतं, पोटात विष गेलं. मग सीधा ऑर्डर, पेट खाली करो!"

"अच्छा! म्हणजे मेंदूच गफलत करून राहिला?"

"तसंच समजा."

"खाण्याचा काही दोष नाही?"

"दर वेळी असतोच असं नाही."

"खिचडीचाही?"

"कोणती खिचडी?"

काका खुर्चीत बसले. "आमच्या हिला असाच ताप होता. मी जन्मात पहिल्यांदा खिचडी केली. चार घास खाल्ले तिनं, अन् सगळं बाहेर. दवाखान्यात नेली, ती घरी आलीच नाही."



"ती उलटी तापानंच झाली असेल, काका," कल्याणी हळूच म्हणाली.

"पक्कं?"

ती घुटमळली. "मी पाहिलं नाही ना. पण मला तसंच वाटतं."

काका माझ्याकडे वळले. "छान झाली म्हणाली होती रे ती. मला वाटलं, माझं मन राखायला तसं म्हणून राहिली. खरंच आवडली असेल का?"

त्यांच्या हातचं मी कधी काही खाल्लं नव्हतं. "आवडलीच असेल, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.