मुकादमाला रोज पाणी

ओबिना पहिल्या भेटीत तुमचं नाव विचारत नाही. तुमच्या मेलेल्या आजोबाचं विचारतो.

गाझियाबादला आमच्या समोरच्याच दारात तो दोन वर्षांपूर्वी राहायला आला. नायजेरियाचा. पानिपतहून ब्लँकेटं घेऊन तिकडे धाडायची, हा धंदा. सामान लावून होतं न होतं तोच माझ्या दारात हात जोडून उभा. "नमस्ते पापा. आपके दादाजी का नाम क्या था?"

मी चौथीत शाळा सोडली, पण चाळीस वर्षं, आधी सोलापुरात आणि मग पानिपतला, माग दुरुस्त केलेत. कुठे काय अडकलंय ते मला आवाजावरून कळतं. ज्याला मेलेल्याचं नाव हवं, त्याला करणी करायची असते. म्हणून ठोकून दिलं, "बाबूराव." बाबूराव हा माझा सोलापूरचा मुकादम. फार छळलं त्याने मला. लागली करणी तर त्याला लागू दे.

ओबिनाने नाव तीनदा घोकलं आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्या उंबऱ्यावर पांढऱ्या मातीच्या चार रेघा. मग हात धुवायचे, कसलीशी बी फोडायची, ग्लासातलं पाणी थेंब थेंब जमिनीवर सोडायचं आणि पुटपुटायचं. मी दाराच्या भिंगातून बघायचो.

"अहो, मी रांगोळी काढते तेव्हा कोण बघतं का भिंगातून?" आमची सुमन म्हणाली.

"रांगोळीला मेलेली माणसं येत नाहीत."

"आणि पितृपक्षात गच्चीवर पान ठेवता ते कोणासाठी, माझ्या माहेरच्यांसाठी?"

बायकोशी या विषयावर बोलण्यात अर्थ नसतो.

रेघांचं मी त्यालाच विचारलं. "चार बाज़ार के दिन, पापा. हमारा हफ़्ता चार दिन का." चार दिवसांचा आठवडा. असा माणूस सुट्टी कुठल्या वारी घेतो? एकदा त्याने ती बी मला खायला दिली. मी ती गुपचूप कुंडीत पुरली. उगवली नाही. संशय वाढला.

त्यात सोलापूरहून भाच्याचा फोन. बाबूराव नव्वदीत ठणठणीत, नवी कवळी बसवलीय. म्हणजे करणी उलटी चालली होती.

गेल्या महिन्यात ओबिनाच्या घरमालकाचा फोन आला. "अंकलजी, लोग कहते हैं जादू-टोना करता है. आप सामने रहते हो. आप बोलो तो कल ही खाली करवा दूँ." म्हटलं, उद्या सकाळी कानाने ऐकतो, मग सांगतो.

सकाळी दार किलकिलं करून उभा राहिलो. रेघा, बी, पाणी. बराच वेळ त्याच्या भाषेत चाललं. मग एकदम हिंदी. "सोलापुरवाले बाबूराव दादाजी, पानी लो. आपके पोते का घुटना बहुत दुखता है. सीढ़ी पे रुक जाता है. घमंडी है, किसी को बोलता नहीं. ठीक कर दो."

मी दार सताड उघडलं. "ये हिंदी में क्यों?"

"बाबूरावजी को इग्बो कहाँ आता है, पापा."

"हमारे दादा से तुमको क्या लेना?"

त्याने ग्लास उंबऱ्यावर ठेवला. "मेरे सब बुज़ुर्ग गाँव की मिट्टी में हैं. इधर का रास्ता उनको मालूम नहीं. माँ भी उधर ही गई, मैं पहुँच नहीं पाया. यहाँ की मिट्टी में मेरा कोई नहीं. तो पड़ोसी के दादाजी से माँगता हूँ."

मग मला बोलणं भाग होतं. "बाबूराव मेरा दादा नहीं. मुकादम था. और ज़िंदा है."

त्याने ग्लास पुन्हा उचलला. "दो साल से पी रहा है, पापा. अब मना कैसे करूँ?"

मी आजोबाचं खरं नाव सांगितलं, नागनाथ. तेव्हापासून माझा आजोबा रोज मुकादमाशेजारी बसून पाणी पितो. घरमालकाला कळवलं, राहू दे त्याला. बी मात्र मी अजून खाल्लेली नाही. इतका विश्वास बरा नव्हे.

त्या सकाळी आत वळता वळता मी विचारलं होतं, "माँ का नाम क्या था?"

दोन वर्षांत त्याला हे इथे कुणी विचारलं नव्हतं. त्याने सावकाश, दोनदा सांगितलं. न्गोझी.

माझ्या जिभेवर ते नीट बसत नाही. पण दारातल्या तुळशीला पाणी घालताना रोज घेतो. समोरचं दार तेव्हा उघडंच असतं. मी चुकलो की तो आतूनच दुरुस्त करतो, आणि मी पुन्हा म्हणतो.