हजार निर्दोष फायली

पाणीपुरवठा कार्यालयातली नवी संगणकप्रणाली भार सोसते की नाही, हे वापरापूर्वी तपासणं नियमानुसार आवश्यक होतं. म्हणून कंत्राटी अभियंता आसावरीने काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहिली, एंटर दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हजार रिकाम्या फायली तयार झाल्या. नावं ‘चाचणी १’ ते ‘चाचणी १०००’. आत अक्षरही नाही. संध्याकाळी त्या पुसायच्या होत्या.

ती डबा खायला गेली तेवढ्यात अधीक्षक दौलतरावांना त्या दिसल्या. बावीस वर्षांच्या सेवेत इतक्या स्वच्छ फायली त्यांनी पाहिल्या नव्हत्या. खाडाखोड नाही, सही चुकलेली नाही, पुरावा अस्पष्ट नाही. माणूस नियमाचा पक्का; त्रुटी नसेल तर उगाच अडवायचा नाही. चहा गार व्हायच्या आत हजारच्या हजार मंजूर झाल्या.

डबा संपवून आलेली आसावरी ओरडली, “सर, त्या खोट्या आहेत! पुसायच्यात मला!”

“मॅडम, मंजूर फाईल पुसायला अर्जदाराची संमती लागते.”

“अर्जदारच नाहीये!”

“मग तो येईपर्यंत थांबा.”

खिडकीशी दिवा गावातल्या आवडाबाई उभ्या होत्या. घरात नळ यावा म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांची ही एकोणिसावी खेप.

“सायब, माजी फाईल हितंच पडून हाय. हंडे उचलून कंबर गेली माजी.”

“मावशी, तुमच्या फायलीत अकरा कागद आहेत. म्हणजे किमान अकरा त्रुटी.”

“मंग काढा ते कागद!”

असा मार्ग कोणाला सुचलाच नव्हता. आसावरीने हसू दाबत आणखी एक रिकामी फाईल तयार केली आणि तिला नाव दिलं ‘आवडाबाई, दिवा, खोली सात’. दौलतरावांनी ती उलटसुलट तपासली आणि मंजूर केली. आवडाबाईंनी आनंदाने सगळ्यांना पेढे वाटले.

आठवड्यात दारात नळ आला, चकचकीत पितळेचा. शेजारणींच्या साक्षीने आवडाबाईंनी नारळ फोडून तो उघडला. आतून फुस्स करून हवा आली.

“सायब, नळाला पानी नाय!” त्या धापा टाकत खिडकीशी आल्या.

दौलतरावांनी फाईल उघडून दाखवली. “मावशी, यात पाणी मागितलंय कुठे?”

‘एका दिवसात हजार अर्ज निकाली’ ही बातमी मात्र ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. तुम्हीही ती टाळ्या वाजवणाऱ्या हातांसकट पुढे पाठवलीत. उघडून कोणी पाहिली नाही.