सुपडू आप्पांचे झोपलेले पतंग

"मॅडम, तो मरेल नही, झोपेल शे!"

सुपडू आप्पांचा हा आवाज आमच्या कृषी केंद्राच्या प्रयोगशाळेतून सुटला आणि पलीकडे मिरची वाळवायच्या पथारीवर निवडत बसलेल्या बाया सगळं टाकून उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख देसाई मॅडम पुण्याच्या, पण त्याही वरच्या पट्टीत गेल्या. "आप्पा, काल दुपारपासून उताणा पडलाय तो पतंग!"

"मीबी रविवारले तसाच पडस."

आप्पा प्रयोगशाळेतले मदतनीस. साठवणीच्या धान्यात होणारे पतंग पाळायचे आणि त्यांच्यावर नवी औषधं तपासायची, ही त्यांची नोकरी. मी कारकून, खुर्ची दाराशीच, त्यामुळे तमाशा फुकटात. काम सोपं. बाटलीत औषधाचा कागद ठेवायचा, पतंग सोडायचे, चोवीस तासांनी प्रत्येकाला ब्रशनं तीनदा टोचायचं. हलला नाही की मेला.

आप्पा तीनशेदा टोचायचे. त्याआधी हाका वेगळ्या. "ऊठ भो, चहा व्हयना!" खोटं बोलत असेन तर माझी पेन्शन अडो, त्या हाकेनं एकदा शेजारच्या खोलीत पेंगणारे साहेब उठून चहाला आले. पतंग तेवढा उठला नाही.

आणि लाड किती! अळ्यांना भरडलेली ज्वारी लागते. ती रनाळे गावचीच हवी. दुसरी आणली तर म्हणे "पोरे रुसतस". त्या ज्वारीवर पतंग असे माजले की ते उडाले की माझ्या रजिस्टरची पानं उलटायची. एकाला मी चिमणी समजून खिडकी उघडून दिली, तर आप्पा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

परवा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. नवं औषध, शंभर पतंग. आप्पांच्या वहीत नोंद : मेलेले बारा, झोपलेले अठ्ठ्याऐंशी.

मॅडम ओरडून ओरडून दमल्या आणि स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आप्पा, हे असंच वर गेलं तर औषध कमी पडलं असं ठरेल. मग डोस दुप्पट करा म्हणून सांगतील. गावोगावच्या गोदामांत तेवढं विष फवारलं जाईल. त्याच गोदामातली ज्वारी तुमची नातवंडं खातात."

आप्पांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. चष्मा पुसला. मग ब्रश उचलला आणि एकेकाला टोचत गेले. तीनदाच. हाक नाही, चहा नाही. शेवटी जुनी नोंद खोडून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : मेलेले शंभर.

"अहो, कळत होतं तर इतकी वर्षं तीनशेदा का टोचत बसलात?" मॅडमनी विचारलं.

आप्पा नळाखाली ब्रश धूत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"डाक्टरनी मन्ही बायकोनी नाडी एकदाच पाही व्हती."