छत्र्यांच्या खटल्यातला सहावा प्रतिवादी

जहाजाचा खटला मी एका दुपारात जिंकून देणार होते, हे आधीच सांगून ठेवते. मी दहावीत आहे आणि गेल्याच महिन्यात वादविवाद स्पर्धेत पहिली आले, त्यामुळे माझा आत्मविश्वास सध्या उतू चाललेल्या दुधासारखा आहे. गॅस बंद करायला कोणी जवळ नाही.

खटला असा. एका जहाजातून चार हजार छत्र्या आल्या आणि त्या भिजून खराब निघाल्या. हो, छत्र्या. भिजून. काड्यांना गंज, कापडाला बुरशी. व्यापाऱ्याने जहाजाच्या मालकावर दावा ठोकला, की तुमच्या जहाजात समुद्राचं पाणी शिरलं. आणि जहाजाची वकील कोण, तर माझी आई. मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडून तिने आमच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम. "हे हातचं गेलं तर दुसरं दारात येणार नाही," असं ती दिवसातून चारदा म्हणायची आणि मधल्या वेळात नखं खायची.

त्या दिवशी तर ती शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी फिरत होती.

"अगं, एवढं काय झालंय?" मी विचारलं.

"दावा एकट्या जहाजावर आहे. त्या मालाला आणखी ज्यांनी हात लावला, त्यांनाही प्रतिवादी करा असा अर्ज द्यायचाय. मुदत आज पाचपर्यंत."

"मग दे की."

"कोणाला का ओढतोय, ते लिहावं लागतं, वकिलीणबाई. उगाच शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं नाही टाकता येत. जा, अभ्यास कर."

मी अभ्यासच केला. फक्त तिच्या फायलीचा. सकाळीच आलेला तपासणीचा अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता. आई एकोणिसाव्या पानावर होती. मी शेवटून सुरुवात केली आणि पान ब्याऐंशीवर बारीक अक्षरांत सापडलं: छत्र्यांवरच्या डागांची सिल्व्हर नायट्रेट चाचणी केली, पांढरा साका आला नाही.

"आई, हे समुद्राचं पाणीच नाही. मीठ असतं तर दह्यासारखा पांढरा साका आला असता. आम्ही प्रयोगशाळेत केलंय."

आईने कप खाली ठेवला. "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोलले. तिने मला चक्क खुर्ची दिली. स्वतःची.

"म्हणजे जहाजाबाहेर कोणीतरी गोड्या पाण्याने भिजवल्यात," ती म्हणाली. "चल, टाइप कर."

क्रमांक एकवर जहाज होतंच. दोनवर पॅकिंगवाले, तीनवर ट्रकवाले, चारवर छत्र्या ठेवल्या होत्या त्या गोदामाची कंपनी. मग मी गोदामाच्या नोंदवहीची झेरॉक्स चाळली आणि खुर्चीतच उडाले. छत्र्या तिथे असताना, बारा तारखेला, छतावरच्या आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची चाचणी झाली होती.

"प्रतिवादी क्रमांक पाच," मी ऐटीत टाइप केलं, "चाचणी घेणारे निरीक्षक."

"नाव?"

"नुसती सही आहे. एक रेघ, तिला दोन गाठी आणि शेवटी शेपटी."

आई वाकली. झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली.

"ही शेपटी तुझ्या प्रगतिपुस्तकावर आहे," ती म्हणाली.

बाबा महिन्याला वीस गोदामांतले फवारे तपासतात. त्यातलं एक हे असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

बाबा पावणेचारला आले. एक बूट काढला होता, दुसरा पायात होता.

"अहो, बारा तारखेला तुम्ही गोदामात छत्र्या भिजवल्यात का?"

"चहा तरी विचार आधी."

"सव्वा तास उरलाय."

बाबा बूट हातात घेऊन बसले. त्यांनी कामाची डायरी काढली. "चाचणीचं पाणी आत सोडतच नाहीत. झडपा दोन असतात. लाल उघडली की पाणी बाहेरच्या गटारात जातं, निळी उघडली की आत. मी बाहेर घड्याळ लावून उभा होतो. दहा मिनिटं थेंब आला नाही. हे बघ, लिहिलंय, 'दाब कमी'."

"मग झडप कोणी उघडली?"

बाबांनी डायरीतला वार पाहिला. शनिवार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला एकदम सगळं आठवलं. शाळेला सुट्टी, बाबांबरोबर फिरायला गेलेली मी, झडपांच्या खोलीतलं थंडगार लोखंडी चाक आणि बाहेरून बाबांचा आवाज, "उघड गं." रंगाचं ते काहीतरी म्हणाले होते. पण निळी झडप दिसायला छान होती. गोदामातून सूंऽऽ असा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, चाचणी काय झकास चाललीय.

"आई," मी म्हणाले, "ट्रकवाल्यांचा मुद्दा पण बराच मजबूत आहे."

"सरक."

"तू आपल्याच माणसांना कोर्टात ओढणार?" बाबांनी विचारलं.

"वकीलपत्र उद्या सकाळी सोडते. पण आज पाचपर्यंत मी जहाजाची वकील आहे. मला कळलेलं मी गिळून बसले, तर परत काळा कोट घालायला नको." तिची बोटं झरझर चालत होती. "प्रतिवादी क्रमांक सहा, झडप उघडणारी मुलगी. अल्पवयीन. म्हणजे पालकामार्फत."

"मग माझं नाव घाल," बाबा म्हणाले.

"तुम्ही क्रमांक पाच आहात. तुम्ही म्हणणार चूक तिची, ती म्हणणार तुमची. तुम्हाला पालक होता येत नाही."

मग आईने एक एक अक्षर दाबत स्वतःचं नाव टाइप केलं.

चार वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज कोर्टाच्या साइटवर चढला. उरला घरातल्या प्रतिवादींकडून प्रत मिळाल्याची पोच घेण्याचा नियम. बाबांनी शेपटीसकट सही केली. मीही पेन उचललं.

"तुझी चालत नाही," आई म्हणाली. तिने वकील म्हणून प्रत पुढे केली, पालक म्हणून स्वीकारली, सही ठोकली आणि टेबलावर डोकं ठेवलं.

मी तिच्या हातातून पेन काढून टोपण लावलं. माझ्याकडून तेवढंच कायदेशीर होतं.