काचेच्या जिन्याचा मोकळेपणा

उदगीरच्या चंद्रप्पांना नव्या घरात खालून वर जायचं होतं. एवढ्या साध्या इच्छेसाठी लातूरहून आर्किटेक्ट बोलावला, यात त्यांचा दोष नव्हता. मुलगा मल्लिनाथ आणि सून स्वप्नाली यांनी तो परस्पर बोलावला होता.

"काका, जिना म्हणजे घराचं स्टेटमेंट असतं," आर्किटेक्ट म्हणाला.

"कुणाला द्यायचंय स्टेटमेंट? पोलीस ठाण्यात?"

चंद्रप्पांच्या मते फरशीचा जिना करावा, धरायला लोखंडी कठडा लावावा आणि विषय संपवावा. हे मत अनुभवावर आधारलेलं असल्यामुळे विचारात घेतलं गेलं नाही. ग्रॅनाइट बँकेसारखं दिसतं, सागवान जुनाट, स्टील दवाखान्यासारखं, असे अभिप्राय देऊन काच एकमताने मंजूर झाली. एकमत म्हणजे मल्लिनाथ आणि स्वप्नाली. भिंतीतून निघालेल्या नुसत्या काचेच्या पायऱ्या. कठड्यामुळे मोकळेपणाला बाधा येते, असा तांत्रिक खुलासा मिळाला.

वास्तुतज्ज्ञांनी देवघर वरच्या मजल्यावर नेलं. त्यामुळे वास्तुशांतीला चंद्रप्पांच्या पत्नी सिद्धम्मा मुलाचा हात धरून, डोळे मिटून वर गेल्या. पूजा झाली. उतरायला डोळे उघडले, तर पायाखाली थेट हॉल, आणि हॉलमध्ये माना वर करून जिना न्याहाळणारे पाहुणे.

"मी न्हाई उतरत! लुगडं नेसून काचेवरनं चालायचं व्हय रे?"

आक्षेप रास्त होता, म्हणून उपाययोजना झाली. बायका जिन्यावर असताना पुरुषांनी अंगणात थांबावं, असं ठरलं. पुरुष बाहेर गेले, पंगती खोळंबल्या. पण तोवर सिद्धम्मांना घसरायची भीती बसली होती. आर्किटेक्टला फोन लावला. तो म्हणाला, "डिझाइन बरोबर आहे. काकूंना सवय करावी लागेल."

मल्लिनाथनं पायऱ्यांवर गालिचा चिकटवला. काच झाकली गेली. मग एवढी हौस कशासाठी केली, असं म्हणत स्वप्नालीनं शेजारी पाटी लावली : 'गालिच्याखाली काच आहे.' येणारा प्रत्येक पाहुणा खात्री करून घ्यायला गालिच्याचं टोक उचलायचा. गालिचा सुटला आणि पहिल्यापेक्षा जास्त घसरू लागला.

सिद्धम्मा वरच राहिल्या. चंद्रप्पांच्या गुडघ्यांनी वर जायला नकार दिला. मग ते खालून फोन लावायचे.

"जेवलीस का?"

"व्हय. तुम्ही गोळी घेतली का?"

तिचा आवाज फोनमधूनही यायचा आणि वरूनही. फोन ठेवल्यावर खालची खोली जास्तच मोकळी वाटायची.

एके दिवशी देगलूरचे वीरभद्र जिना बघायला आले. त्यांच्याही घराचं बांधकाम चाललं होतं. सोबत म्हातारी आई होती. पायऱ्या बघून ती उंबऱ्यातच थांबली. वीरभद्रांनी चारी बाजूंनी फोटो काढले, आर्किटेक्टचा नंबर मागितला आणि विचारलं, "अप्पा, राहायला कसं वाटतं?"

चंद्रप्पांनी वर पाहिलं. सिद्धम्मा वरून जोरजोरात हात हलवून त्या म्हातारीला 'नको, नको' म्हणत होत्या. खरं सांगावं, तर उद्या सगळं उदगीर हसणार. असा जिना एकट्याच्या घरी असला तर तो मूर्खपणा. चार घरी झाला, तर फॅशन.

"लई भारी," चंद्रप्पा म्हणाले. "घर कसं मोकळं वाटायलंय." आणि त्यांनी नंबर दिला.

वाचकहो, हसू नका. तुमच्या वास्तुशांतीला आम्ही हाच प्रश्न विचारला होता, आणि तुमचंही उत्तर हेच होतं. आम्ही तुमच्याच भरवशावर घर बांधलं.