मंगळवारचा कंदील

आमच्या दुकानातला बॅटरीवरचा स्वस्त कंदील डॉक्टर लिमये नुसता विकत घेत नसत, तपासत. आधी टिचकी मारायची, मग बटण दाबून बल्बकडे डोळे बारीक करून बघायचं आणि गंभीरपणे म्हणायचं, "कदमबाई, पेशंट अ‍ॅडमिट!"

डॉक्टर निवृत्त भूलतज्ज्ञ. लंडनमध्ये वेम्बलीतल्या घरी, किचनच्या टेबलावर ते कंदिलाचा पिवळट बल्ब काढून तिथे चार एलईडी बसवायचे, प्रत्येकाला वीज बेताने सोडणारा वेगळा रेझिस्टर. "भूल मोजूनच द्यावी लागते, बाई. जास्त झाली की पेशंट गेला." एलईडीचा उजेड एकाच दिशेला पडतो, म्हणून दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून कापलेली टोपी वर चढवायची. उजेड निळसर दिसला, की "याला ऑक्सिजन कमी पडतोय" म्हणून आत टॉफीचा पिवळा कागद. पुढच्या मंगळवारी कंदील घेऊन हजर. "डिस्चार्ज! कसा गुटगुटीत झालाय बघा!"

आणि मग तो माझ्याच दारासमोरच्या बस स्टॉपवर, भेटेल त्याला फुकट!

इथे माझं डोकं फिरायचं. बाजारात ताडपत्रीखाली उभं राहून मोजे विकले, तेव्हा कुठे हे दुकान झालं. कंदिलात मला काही सुटत नाही, सुटतं ते बॅटऱ्यांत. आणि यांच्या कंदिलातल्या बॅटऱ्या संपायचं नाव घेत नाहीत!

"डॉक्टर, माझ्या पोटावर का उठलात?"

"पेशंट बरा झाला, की केमिस्टचं नुकसान व्हायचंच."

त्याहून मोठा राग वेगळाच. हा माणूस घासाघीस करायचा नाही. मी म्हटलं, डझन घ्या, दहाच्या भावात देते. "नको, एकच." आठच्या भावात? "एकच द्या." भल्याभल्या होलसेलवाल्यांना मी घाम फोडलाय, पण असा नकार कुणी दिला नव्हता. तीन वर्षं तो मनात धुमसत होता.

मग कारखान्यातूनच एलईडीवाले कंदील यायला लागले. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "पुढच्या आठवड्यात नवा माल येतोय, डॉक्टर. आता तुमचे पेशंट जन्मतःच धडधाकट!"

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला कंदील काउंटरवर ठेवला.

"जुने किती उरलेत?"

"नऊ. सगळे न्या, निम्म्या किमतीत. शेवटचं सांगतेय!"

"नऊ नेले, तर पुढच्या मंगळवारी काय निमित्त काढून येऊ?" ते कंदिलाकडे बघत म्हणाले. "बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत भांडणारं दुसरं कोण आहे हो?"

मी एकाच कंदिलाचे पैसे घेतले.

ते गेल्यावर मी ओळखीच्या सगळ्या होलसेलवाल्यांना फोन लावले. बर्मिंगहॅमच्या एकाकडे जुन्या कंदिलांची चार खोकी धूळ खात पडली होती. माझी गरज ओळखून मेल्याने भाव चढवला. मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता "पाठवून दे" म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मी डॉक्टरांसमोर एकच कंदील आपटला. "जुना माल मिळालाय. एक पेनीसुद्धा कमी होणार नाही!"

त्यांनी टिचकी मारली. बटण दाबलं. मागच्या फळीवर रचलेली खोकी त्यांना दिसली असावीत, कारण चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

"पेशंट अ‍ॅडमिट, कदमबाई."

मग मी बॅटऱ्यांवरून भांडण काढलं. त्या दिवशी जरा लांबवलंच.