उजव्या बाजूचं झाकण

दादाची मोटरसायकल पडली तेव्हा ती चालूसुद्धा नव्हती. चष्मेवाला तिला स्टँडवरून उतरवत होता, वजनाचा अंदाज चुकला आणि ती अगदी शांतपणे उजव्या कुशीवर आडवी झाली. इंजिनच्या त्या बाजूच्या झाकणावर बोटभर लांब ओरखडा उठला.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोन महिन्यांसाठी परगावी जाताना त्याने गाडी धाकट्याकडे ठेवली होती आणि एवढंच म्हटलं होतं, "आहे तशी परत दे." लहानपणी दादाची सायकल धाकट्याने एकदाच घेतली होती, त्यानंतर दादाने त्याला हवा भरायचा पंपसुद्धा दिला नव्हता. आता कुठे पस्तीस वर्षांनी विश्वास बसला होता, आणि रविवारी दादा परत येणार होता.

"सरळ सांगून टाका," बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"तुला दादा माहीत नाही."

"सोळा वर्षं माहीत आहेत."

"मग असं कसं म्हणतेस?"

ती उत्तरपत्रिका तपासायला वळली.

चष्मेवाल्याने इंजिनमधलं तेल काढलं, झाकण उतरवलं आणि घासायला बसला. चष्म्याच्या काचा घासण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. तीन संध्याकाळी घासून त्याने ओरखडा तर घालवलाच, पण झाकणात स्वतःच्या मिशीचा केस न् केस मोजता येईल अशी झळाळी आणली. मग त्यावर उष्णता सोसणारा रुपेरी रंग फवारला. सकाळी नख लागलं आणि सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा अलगद निघून आला.

"इतकं गुळगुळीत कशाला केलंत?" बायकोने विचारलं.

"घासायचं म्हणजे गुळगुळीतच ना!"

"चष्म्याला. रंगाला पाय रोवायला जागा नको?" असं म्हणून तिने झाकण हातात घेतलं, उजेडात तिरपं धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली. त्यानंतर 'सांगून टाका' हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत.

तिने खरखरीत कागदाने झाकण एकसारखं खरवडून घेतलं. थिनरने धुतलं. इंजिनला टेकणाऱ्या कडेवर कागदी पट्टी चिकटवली. "हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही हं. बोटांचं तेलसुद्धा पुरतं रंग सुटायला." तीन पातळ हात दिले आणि अडगळीतला जुना ओव्हन गॅलरीत मांडून झाकण तासभर भाजलं. शेजारीण दोनदा डोकावून गेली. "कसला वास हो?" तिने विचारलं. "झाकणाचा," बायकोने खरं ते सांगितलं.

रंग अप्रतिम बसला. शुक्रवारी झाकण गाडीला लागलं आणि दोघं चार पावलं मागे सरकून उभी राहिली.

"म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात," चष्मेवाला खोल आवाजात म्हणाला. "आता सगळं इंजिन रंगवायचं?"

"एका दिवसात? त्यापेक्षा नव्याचं जुनं करू."

स्वयंपाकघरातली चार झाकणं त्याच रंगाने रंगवून भाजली गेली. तिने वही उघडली. नमुना एक: चहाचं पाणी, परिणाम नाही. नमुना दोन: राख, फुंकरीने उडते. नमुना तीन: वंगण आणि मेणबत्तीची काजळी, आशादायक. नमुना चार: तेच, अधिक रस्त्यावरची धूळ, स्पंजने टिपून. मग नवऱ्याच्या दुकानातलं भिंग मागवून ती गाडीच्या डाव्या बाजूसमोर मांडी घालून बसली.

"बोल्टभोवती मळ जास्त आहे. का बरं?"

"अगं, दादा उद्या येतोय!"

"हो, पण का?"

शनिवारी दिवे लागेपर्यंत उजवं झाकणही गाडीइतकंच बारा वर्षांचं झालं. चष्मेवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. कुठली बाजू खोटी, हे ओळखण्यासाठी त्याला गाडी कुठल्या कुशीवर पडली होती ते आठवावं लागलं.

रविवारी दादा आला. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली आणि नेमका उजवीकडे उकिडवा बसला. झाकणावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं.

"काय रे, दोन महिन्यांत एकदाही फडकं मारलं नाहीस?"

"तूच म्हणालास ना, आहे तशी..."

"म्हणून अशी? आण ते फडकं. आणि थोडं पेट्रोल दे."

"राहू दे रे दादा, प्रवासातून आलायस."

दादाने दोनच हात मारले. काजळी, वंगण, धूळ, सगळं फडक्यात आलं आणि खालून लख्ख रुपेरी झाकण चमकलं. चष्मेवाल्याने डोळे मिटले.

मग दादाचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ.

"बारा वर्षं मी हिला म्हातारी समजत होतो. नुसता मळ होता रे!"

तो तरुणासारखा उठला, डावीकडे गेला आणि घासू लागला. पाच मिनिटं घासलं, दहा मिनिटं घासलं. बाही वर सारून पुन्हा घासलं, तरी ती बाजू काळपटच राहिली. शेवटी फडकं त्याने धाकट्याच्या हाती दिलं.

"तू घास. तुझा धंदाच आहे तो." मग घाम पुसत बायकोकडे वळला. "काय हो मास्तरीणबाई, इंजिन एकच, मग दोन्हीकडचा मळ वेगळा कसा?"

आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक असूनही देता येत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून जीव तोडून घासत होता.

"भाऊजी, अभ्यास करावा लागेल," ती म्हणाली. "गाडी आठ दिवस ठेवता का इथे?"

"आठ दिवसांत ही बाजूही अशीच निघेल?"

"हो, निघेल की. फक्त मधे बघायला येऊ नका."